सर्वांत कमी दराचा पंखा

माझ्या सासऱ्यांना मुद्दा पुरा मांडायला पंधरा-वीस मिनिटं लागत आणि आमचा कॉम्प्युटर आठ-दहा मिनिटांत बंद पडे. त्या हिवाळ्यात आमच्या घरात जो तमाशा झाला, तो एवढ्या दोन गोष्टींतून झाला. बाकी आम्ही सगळी बरी माणसं होतो.

मी पुण्याची. लग्न होऊन हैदराबादला आले तेव्हा नवरा सॉफ्टवेअरमध्ये नुकताच स्थिरावला होता आणि आम्ही कुकटपल्लीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सासरे मूळचे जुन्या हैदराबादेतल्या गौलीगुड्याचे. घराण्याच्या तीन पिढ्या तिथल्या एका गल्लीत गेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत दखनी हिंदीतले 'हौ' आणि 'नक्को' इतके सहज येत की पहिले काही महिने मला वाटायचं, हे माझी चेष्टा करताहेत. मी त्यांना बाबा म्हणत असे. बाबांनी सगळी नोकरी एका सरकारी खात्याच्या खरेदी विभागात काढली. टाचण्यांपासून टेबलांपर्यंत सगळं त्यांच्या सहीनं यायचं. निवृत्त झाले तरी बोलण्याची पद्धत फायलीचीच राहिली. आधी विषय, मग संदर्भ, मग पार्श्वभूमी, आणि ऐकणारा तोवर जागा असलाच तर मुद्दा.

त्या वर्षी दसरा झाल्यावर सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. बाबाही जाणार होते. पण व्हिसाच्या खिडकीत "कशाला जायचंय?" असं विचारल्यावर ते पार्श्वभूमीपासून सुरू झाले, आणि खिडकीमागच्या माणसाला तेवढा वेळ नव्हता. सासूबाईंनी एका वाक्यात उत्तर दिलं आणि त्यांचा व्हिसा मिळाला. लग्नानंतर हे दोघं पहिल्यांदाच इतके दिवस वेगळे राहणार होते.  विमानतळावर बाबांनी फक्त बॅगांचं वजन पुन्हा करून घेतलं.

घरी आल्यावर मात्र त्यांचं तंत्र बिघडलं. सकाळचा चहा ते स्वतः करत, तो दोन कप करत, आणि "टाकून कसा द्यायचा?" म्हणून दोन्ही कप स्वतःच पीत. कुकरची शिट्टी झाली की ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता "हौ, आलो" म्हणत. मी विचारलं, "बाबा, आईंची आठवण येते का हो?" तर म्हणाले, "आठवणीचा प्रश्न नाही. व्यवस्थेचा प्रश्न आहे." मला त्यांचा राग यायचा आणि दयाही यायची, आणि दोन्ही एकाच वेळी यायचं त्याचा आणखी राग यायचा.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, कॉम्प्युटरवरून बोलणं व्हायचं. केबलवाल्यानं टीव्हीच्या वायरीबरोबर इंटरनेटचीही वायर टाकून दिली होती. मॉनिटरवर सुपारीएवढा कॅमेरा चिकटवलेला. पडद्यावर सासूबाई थोडा वेळ एकाच मुद्रेत थांबायच्या, मग एकदम दुसऱ्या मुद्रेत दिसायच्या. नणंद सगळं जुळवून द्यायची आणि बाळाकडे निघून जायची. मग बाबा खाकरून सुरू करायचे. कुकटपल्लीच्या पाणीपुरवठ्याची सद्यःस्थिती. सिलिंडर नोंदवल्याचं वृत्त. गौलीगुड्याच्या चुलतभावाचा गुडघा. हे संदर्भ झाले की ते खुर्चीत पुढे सरकायचे, "तर मुद्दा असा की" म्हणायचे, आणि पडदा काळा व्हायचा.

पहिल्यांदा आम्हाला वाटलं वीज गेली. पण छताचा पंखा तर फिरत होता. पुढच्या रविवारी पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या रविवारीही. कॉम्प्युटर थोडा वेळ गप्प राहायचा, मग चालू व्हायचा, पण तोवर तिकडे बाळ उठलेलं असायचं. आणखी एक गंमत म्हणजे बंद पडण्याच्या जरा आधी खोलीत चंदनाचा मंद वास यायचा. बाबा म्हणायचे, देवघरातून येतोय. मला तो शेजाऱ्यांच्या उदबत्तीचा वाटायचा.

यात हसण्यासारखंच सगळं होतं, पण एका रविवारी सासूबाईंनी मुद्द्याचं काढलं. त्यांना कधी संदर्भ लागले नाहीत. म्हणाल्या, "अहो, ही म्हणतेय अजून सहा महिने राहा. मुदत वाढवायचा अर्ज करावा लागतो, तो महिनाअखेरीला पाठवायचाय. तुमचं काय म्हणणं आहे?"

बाबा म्हणाले, "असं आहे की, या विषयाच्या दोन-तीन बाजू आहेत." पहिल्या बाजूतच कॉम्प्युटर गेला.

पुढच्या रविवारी सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही काही बोललाच नाहीत. हरकत नाही असं समजू का?" बाबा घाईघाईनं सुरू झाले, पण त्यांची घाई म्हणजे पाणीपुरवठा वगळून थेट सिलिंडरवर येणं.  पडदा काळा झाल्यावर ते मला म्हणाले, "तिला वाटेल मला चालतंय."

"मग फोन करा की!" मी म्हणाले.

पण फोन म्हणजे आयएसडी, आणि बाबांच्या मते आयएसडी फक्त मयताची बातमी द्यायला असतो. तरी मी नंबर लावून हातात रिसीव्हर दिला. त्यांनी ताठ उभं राहून "हं. बरी आहेस? बरं. ठेवतो" एवढं म्हटलं आणि ठेवून दिला. ई-मेल नको होता, कारण ई-मेल मुलगी वाचणार. बायकोला परत ये म्हणायचं आणि ते मुलीनं वाचायचं, हे त्यांना परवडणारं नव्हतं. शिवाय मुलीला वाटणार, बाबा स्वार्थी आहेत. तोंडावर, स्वतःच्या पद्धतीनं, सगळ्या बाजू मांडून सांगायचं होतं त्यांना. त्यासाठी फक्त वीस मिनिटं चालणारा कॉम्प्युटर हवा होता. महिनाअखेरीपर्यंत दोनच रविवार उरले होते.

नवरा तेव्हा बंगळुरूला एका प्रोजेक्टवर होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "प्रोसेसर तापतोय. थर्मल पेस्ट वाळली असेल."

"म्हणजे काय?"

"प्रोसेसर आणि त्याच्यावरचा पंखा यांच्यामध्ये पेस्ट असते. ती उष्णता वर पोचवते. नवी लावा. आणि पंखाही बदला, स्वस्तातला मिळतो."

"तू येऊन लाव ना."

"मी सॉफ्टवेअरमध्ये आहे," तो म्हणाला. हे वाक्य तो गळका नळ आणि ट्यूबलाइट यांच्या बाबतीतही वापरत असे.

त्या रविवारी तेवढ्यापुरती सोय म्हणून मी कॅबिनेटचं झाकण बाजूला केलं आणि उभा पंखा पूर्ण वेगावर त्याच्या तोंडाशी लावला. डिसेंबरचे दिवस. वारा कॉम्प्युटरला लागून सगळा आमच्याच अंगावर यायचा. बाबांनी स्वेटर चढवला, वर शाल घेतली आणि कानटोपी घातली. पडद्यावर सासूबाई दिसल्या त्याच मुळी घाबरलेल्या. "अगं बाई, एवढी थंडी पडली का तिकडे? इकडे बर्फ पडतंय तरी आम्ही असं काही घालत नाही." बाबा त्यांना हैदराबादच्या तापमानाची पार्श्वभूमी सांगू लागले आणि तीतच वेळ संपला. पंख्यानं जेमतेम दोन वाक्यं वाढवून दिली होती.

आता एकच रविवार राहिला. मी म्हणाले, "बाबा, उद्याच नवा पंखा आणि पेस्ट घेऊन येऊ." त्यावर त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजळला. खरेदी करायची होती.

"तीन कोटेशनं मागवावी लागतील," ते म्हणाले.

"बाबा, दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे."

"रक्कम बघू नको, सूनबाई. पद्धत बघ."

त्यांनी तिथल्या तिथे खरेदी समिती नेमली. ते अध्यक्ष, मी सदस्य. समितीत तिसरा माणूस लागतो म्हणून नवऱ्याला त्याच्या गैरहजेरीत घेतलं. मी कपाळावर हात मारला. पण सोमवारी सकाळीच त्यांनी चपला घातल्या होत्या, आणि इतक्या दिवसांत ते आपणहून बाहेर निघाले नव्हते, म्हणून मीही पर्स घेतली.

बाबांच्या मते जगातली कुठलीही वस्तू अफझलगंजला मिळते. तिथे त्यांच्या नोकरीच्या काळातला एक दुकानदार होता, ज्यानं खात्याला बादल्या, घंटा, कुलपं, सतरंज्या असं सगळं पुरवलं होतं. आम्ही बस बदलत, धक्के खात तिथे पोचलो. दुकानदार बाबांच्याच वयाचा. बाबांना बघून त्यानं स्टूल पुसलं, चहा सांगितला आणि विचारलं, "बोलो साब, क्या होना?"

"पंखा होना. कॉम्प्युटर के दिमाग का."

दुकानदारानं अजिबात आश्चर्य दाखवलं नाही. त्यानं टेबलफॅन दाखवला, मग संडासात लावायचा एक्झॉस्ट फॅन दाखवला. मी हाताच्या तळव्याएवढं माप करून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "इत्ता छोटा? वो तो पंखे का बच्चा हुआ." पेस्टसाठी त्यानं एकामागून एक डबे काढले. ग्रीस, लांबी, फरशीच्या फटीत भरायचा पांढरा लगदा, आणि शेवटी पायांच्या भेगांचं मलम. "लगानेकाच है ना? ये लगाव. ठंडक भी देता."

"तुमच्याकडे माल नाही, आम्ही निघतो," मी म्हणाले.

"माल नै तो क्या हुआ, बेटी? कोटेशन है ना," असं म्हणून त्यानं खण उघडला. त्यात तीन लेटरहेडांचे गठ्ठे होते. एक त्याच्या दुकानाचं, एक मेव्हण्याचं, आणि एक अशा दुकानाचं जे कधीच बंद झालं होतं. तीन कोरे कागद समोर मांडून त्यानं अदबीनं विचारलं, "सबसे कम किसका रखना, साब?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे चहाचा घोट घेतला. इतकी वर्षं ज्या तीन कोटेशनांचा धाक आम्हा सगळ्यांना घातला, ती तिन्ही एकाच खणातून येत होती. बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. "बाबा, हे काय? यात स्पर्धा कुठे आहे?"

"स्पर्धा झाली पाहिजे असा नियम आहे," ते म्हणाले. "कुणाकुणात झाली ते बघा, असं त्यात नाही."

मला इतकं हसू आलं की रस्ता ओलांडता येईना. तेही हसले. मग म्हणाले, "तुझ्या सासूला हे ठाऊक आहे. ती मला लग्न झाल्यापासून यावरून चिडवते." आणि झपझप बसस्टॉपकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना सिकंदराबादच्या कॉम्प्युटरच्या बाजारात नेलं. देशाचा बाजार खुला झाला म्हणतात तो बाबांच्या निवृत्तीच्या आसपास झाला, आणि त्याचं दर्शन त्यांना असं एकदम घडलं. मजल्यावर मजले, प्रत्येक मजल्यावर खेटून दुकानं, आणि प्रत्येक दुकानात पंखेच पंखे. गोल, चौकोनी, निळ्या दिव्यांचे, तांब्याच्या बुडाचे. त्यांच्या काळी पंखा म्हणजे एक ठरलेली कंपनी आणि सहा महिन्यांची वाट. इथे प्रत्येक दुकानदार वेगळा दर तोंडी सांगत होता आणि पुढच्या दुकानात गेलो की मागचा ओरडून कमी करत होता. बाबा गोंधळून गेले. "हे सगळे खरोखरच एकमेकांशी भांडताहेत की काय?" त्यांनी मला हळूच विचारलं.

कागदावर दर लिहून द्यायला कुणी तयार होईना. "अंकल, लेना है तो बोलो, लेटर नक्को," एकानं सांगितलं. शेवटी एका दुकानात बाबांनी मुक्काम ठोकला. तिथला विक्रेता बोलघेवडा होता आणि कशाबद्दलही ठामपणे बोलायचा. त्यानं तीन पंखे काउंटरवर मांडले. पहिला तांब्याचा, जड, भलताच महाग. दुसरा अॅल्युमिनियमचा, साधा. तिसऱ्याच्या खोक्यावर बर्फाच्या डोंगराचं चित्र होतं, खाली कुणालाही वाचता न येणारं नाव होतं, आणि दर दुसऱ्याच्या निम्मा.

"तीनों में फरक क्या?" मी विचारलं.

"पहला बहुत ठंडा करता. दूसरा भी ठंडा करता. तीसरा बी करता," तो म्हणाला.

मला दुसरा घ्यायचा होता. तिसऱ्याचं पातं बोटानं हलवलं तरी खुळखुळत होतं. मी म्हणाले, "बाबा, हा आवाज करणार." विक्रेत्यानं लगेच तिन्ही चालू करून दाखवले. त्या मजल्यावर इतका कोलाहल होता की तिन्ही सारखेच मुके वाटले. बाबांनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. "दर सर्वांत कमी असताना दुसरा घ्यायचा तर कारण नमूद करावं लागतं. तुझ्याकडे आहे का कारण?"

"तो फालतू दिसतोय."

"दिसणं हे कारण होत नाही."

पेस्टवरून आणखी एक लढाई झाली. विक्रेत्यानं पंख्याबरोबर नखाएवढी पुडी फुकट दिली. बाबांचा फुकट वस्तूवर विश्वास नव्हता, आणि एवढ्याशा मालात भागेल यावर तर मुळीच नाही. त्यांना पाव किलो हवी होती. "संपली तर पुन्हा कोण येणार?" विक्रेता म्हणाला, "अंकल, ये रोज नै लगाते. एक बार लगाए सो हो गया." शेवटी करंगळीएवढी एक ट्यूब घेऊन आम्ही तह केला. पुडीही बाबांनी खिशात टाकलीच.

शनिवारी दुपारी मी कॉम्प्युटर उघडायला बसले. जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली. बाबा टॉर्च धरून उभे राहिले, दुपारच्या लख्ख उजेडात. सोबतच्या कागदावरची चित्रं बघत बघत मी जुन्या पंख्याच्या दोन कड्या सोडवल्या आणि तो खालच्या धातूच्या ठोकळ्यासकट वर उचलला. खोलीत चंदनाचा वास दरवळला.

खाली पांढरी पेस्ट असायला हवी होती. तिथे पिवळं, भेगाळलेलं गंध होतं. उगाळलेल्या चंदनाचं. मधोमध कुंकवाचा ठिपका होता. आणि ठिपक्यावर, वरच्या ठोकळ्याच्या भारानं चेपून चपटा झालेला, अक्षतांमधला एक तांदूळ.

बाबांनी टॉर्च आणखी जवळ आणला.

मग हळूहळू उलगडा झाला. खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा असते. आमच्या सासूबाई त्या दिवशी शिलाई मशीन, मिक्सर, विळी, बाबांची जुनी स्कूटर, सगळं सुटं करून घासून पुसून घेत आणि मग गंध लावत. वरवर टिकली लावून मोकळं व्हायचं, हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यात मुलाला विचारलं होतं, "याचा जीव कुठे असतो रे?" आई आपल्या यंत्रात लक्ष घालतेय म्हणून खूश होऊन त्यानं झाकण काढून दाखवलं होतं, "इथे, या पंख्याखाली." मग पुढे काय झालं असेल ते कळायला समिती नेमायची गरज नव्हती. जी बाई मशीनची सुई न् सुई सोडवते, तिला दोन कड्या काय अवघड? कुणीतरी चुना फासलाय असं समजून त्यांनी ती पांढरी पेस्ट लख्ख पुसून काढली असणार. आणि स्वच्छ केलेल्या जागी पूजा केली.

म्हणजे आमचा कॉम्प्युटर इतके दिवस चंदनावर चालत होता. चालत होता हेच नवल. मला हसू फुटलं. मी हसत हसतच कापूस घेतला.

"पुसू नको," बाबा म्हणाले.

मी वर बघितलं. टॉर्च त्या तांदळावर स्थिर होता आणि बाबांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा झाला होता.

"बाबा, पुसल्याशिवाय नवी पेस्ट लावता येणार नाही."

"तिनं केलेली पूजा आहे. ती येईपर्यंत राहू दे."

"अहो, पण ही राहिली तर त्या येणार कशा?" माझा आवाज चढला. "उद्या शेवटचा रविवार आहे. पूजा ठेवायचीय की आई हव्यात, ते एकदा ठरवा आणि संदर्भ न देता सांगा!"

सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते. ते खुर्चीवर बसले. टॉर्च विझवला. मग माझ्या हातातला कापूस घेतला, आधी तो तांदूळ नखानं अलगद सोडवून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि गंध स्वतः पुसलं. फार हळू पुसलं, आणि दरवळ बराच वेळ गेला नाही. मला त्यांच्याकडे बघवेना.

नवी पेस्ट लावताना मात्र ते पूर्वपदावर आले. दात घासायच्या ब्रशवर काढावी तशी त्यांनी ट्यूब पिळायला घेतली. कागदावर मुगाच्या दाण्याएवढी लावा असं चित्र होतं. "चित्रात कमीच दाखवतात," ते म्हणाले. मी ट्यूब हिसकावून घेतली. पंखा बसवला, कड्या लावल्या, बटण दाबलं.

आणि घरात पिठाची गिरणी सुरू झाली.

मॉनिटरवरचा कॅमेरा थरथरत होता. टेबलावरचा पेला चालत चालत कडेला आला. मी कानावर हात ठेवले. थोड्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या तेलुगू काकू वर आल्या. त्यांनी दारातूनच विचारलं, "आपका मिक्सी खराब हुआ क्या?"

"प्रोसेसर ठंडा हो रहा है!" बाबा ओरडले.

"बाबा," मी ओरडले, "आता मिळालं का कारण नमूद करायला?"

पण एक मान्य करायला हवं, तो पंखा थंड करत होता. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, संध्याकाळ झाली, तरी कॉम्प्युटर बंद पडला नाही. बाबा मध्येमध्ये येऊन ठोकळ्याजवळ हात धरून बघत. रात्री जेवताना त्यांनी मला सांगितलं की उद्या ते एकूण पाच बाजू मांडणार आहेत.

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले. सासूबाई पडद्यावर आल्या आणि त्यांनी कानाला हात लावला.

"अहो, हा कसला आवाज? विमानतळावर आलात की काय?"

"नाही! घरीच आहे! पाणीपुरवठा..."

"काय?"

"पाणी! पाणी एक दिवसाआड येतंय!"

"कोण येतंय?"

"पाणी!"

"ऐकू येत नाही हो!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. त्यांनी पुन्हा तोंड माइकजवळ नेलं. "सिलिंडर आला!" तो आला आहे हे कळवायला त्यांना तीनदा ओरडावं लागलं. चुलतभावाचा गुडघा त्यांनी अर्ध्यात सोडला. पार्श्वभूमी ओरडून सांगता येत नाही, हे त्यांच्या लक्षात येत असताना मला दिसत होतं. ओरडायला दम लागतो आणि त्यांचा दम संपत चालला होता. वेळ हवा तेवढा होता. इतके आठवडे ज्या वेळेसाठी आम्ही रक्त आटवलं, तो सगळा समोर पडून होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"अर्जाचं काय करू ते सांगा!" तिकडून सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी पाठवायचाय!"

बाबा उभे राहिले. दोन्ही हात टेबलावर टेकले.

"पाठवू नको!"

"काय?"

"परत ये!"

"काय म्हणताय?"

"परत ये तू! मला करमत नाही!"

खालच्या मजल्यावर काकूंचा टीव्ही बंद झाला. समोरच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालत होत्या, त्यांचा हात दोरीवरच राहिला. पडद्यावर सासूबाई पदर तोंडाशी धरलेल्या मुद्रेत थांबल्या होत्या. बऱ्याच वेळानं चित्र हललं.

"ऐकू नाही आलं," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा सांगा."

बाबांनी पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. सासूबाईंनी आणखी एकदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी खालून काकूंनीच खिडकीतून हाक दिली, "अम्मा को सुनाई दिया क्या, अंकल?" सासूबाईंना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे मी पैजेवर सांगेन.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "येते ठरल्या तारखेला. ओरडू नका, घसा बसेल." मग काहीतरी आठवून जरा पुढे झुकल्या. "आणि हो, निघायच्या आधी मी त्या कॉम्प्युटरची पूजा केली होती. आतून, नीट. नाहीतर तुम्ही सगळे वरवर करता. चालतोय ना तो?"

 बाबा खुर्चीत बसले होते, घामानं डबडबलेले. त्यांचा हात छातीवरच्या खिशाकडे गेला, जिथे सकाळी शर्ट बदलताना त्यांनी तो तांदूळ न विसरता ठेवला होता.

"हौ!" ते पंख्याच्या वर आवाज काढून ओरडले. "तुझ्या पूजेवरच चालतोय!"